पाच युनिटांचं गणित

१२ ऑक्टोबर

ठरलं! गोपाळला धरणावर नेणार. माणिकरावांच्या बोटीवर, पाण्याच्या मधोमध, तीन रात्री. आणि त्याचं ऑक्सिजनचं मशीन तिथे चालवून दाखवणार.

तोंडावर मी त्याला 'अहो'च म्हणते. वहीत मात्र गोपाळ. पस्तीस वर्षांच्या संसारानंतर एवढी सवलत मला हवी.

दोन वर्षं झाली, तो वसमतच्या ह्या घरात भिंतीवरच्या प्लगला बांधल्यासारखा बसलाय. रात्रभर मशीन, दुपारी दोन तास मशीन. मशीनशिवाय झोपायचं नाही – डॉक्टरांची सक्त ताकीद. आणि ह्याच माणसाने इसापूर धरणावर सव्वीस वर्षं रोज सकाळी आठला पाण्याची पातळी वाचली, एक खाडा न करता! परवा सहज म्हणाला, "यंदा पाणी कुठवर आलंय कोण जाणे." मला ऐकवेना.

संध्याकाळी पुण्याहून अनुश्रीचा फोन. "आई, तू वेडी झालीस का? तिथे प्लग कुठाय?" म्हटलं, प्लग मी करते. तीस वर्षं पोरींना वॅट शिकवलं ते काय फळ्यापुरतं? लेक माझीच, ती कशाला ऐकतेय! शेवटी तिची अट – तीन रात्री सुरळीत गेल्या, मध्येच काठावर पळावं लागलं नाही, सोबतच्या ऑक्सिजन सिलिंडरला हात लागला नाही, तर पुण्याला येऊन राहा हा विषय ती परत काढणार नाही. नाहीतर दिवाळीआधी इथलं घर आवरायचं.

कबूल!!

१४ ऑक्टोबर

गणित मांडलं. आमच्या गच्चीवरचे चारही सौर पॅनल काढून बोटीच्या टपावर. घरचीच बॅटरी. पूर्ण भरली की पाच युनिट.

मशीन इन्व्हर्टरची गळती धरून तासाला ०.३५ युनिट खातं. रात्री आठ ते सकाळी सहा, दहा तास – साडेतीन. पंखा, दिवा, छोटा फ्रीज मिळून अर्धा. म्हणजे चार गेले, एक उरला. सकाळी वीस टक्के शिल्लक, मग दिवसभर ऊन आहेच. दहा टक्क्यांवर इन्व्हर्टर आपोआप बंद पडतो, पण तिथवर जायची वेळच येणार नाही.

मिक्सरला बंदी. गोपाळचा चेहरा पडला. "मग शेंगदाण्याची चटणी?" घरूनच कुटून नेते म्हटलं.

१५ ऑक्टोबर

विजेची किटलीही रद्द. दीड हजार वॅट! चहा गॅसवर.

१८ ऑक्टोबर

आज दिवसभर धरणावर. बोट लोखंडी, जाडजूड, वर पत्र्याची एक खोली. माणिकरावांनी पाहुणे फिरवायला म्हणून बांधली, पाहुणे काही आले नाहीत. आता मासळी वाहतात. खोली घासूनपुसून ठेवली होती, तरी वास आहेच. स्वच्छतेला दहापैकी सात.

वायरमनने पॅनल बसवले. दोन जोडण्या ढिल्या ठेवल्या होत्या पठ्ठ्याने! मी परत आवळून घेतल्या. त्याला दहापैकी चार.

माणिकराव गोपाळच्या नोकरीपासूनचे ओळखीचे. टपाकडे बघत म्हणाले, "बाई, ह्या काचांवर साहेबाचं मशीन चालंल व्हय?" मी त्यांना पंधरा मिनिटं समजावलं. पॅनल, बॅटरी, इन्व्हर्टर, सगळं. शेवटी म्हटलं, एवढं ध्यानात ठेवा, साहेबांचा जीव ह्यांच्यावर आहे. देवासारखं जपा. त्यांनी लगेच पॅनलला हात लावून नमस्कार केला. मला हसू आलं.

२१ ऑक्टोबर

आलो! डोंगरकड्याला थांबून केळी घेतली. काठावर उतरल्यावर गोपाळ काठी टेकत उभा राहिला आणि नुसता बघत राहिला. मग खिशातून छोटी वही काढली. नोकरी सुटून सात वर्षं झाली पण वही सुटत नाही. वेळ, पातळी, शेरा – तेच तीन रकाने. घरी गच्चीवरच्या टाकीचं पाणी, बोटाला लावायच्या चिमट्यावरचा ऑक्सिजनचा आकडा, सगळं लिहितो! इथे लांबूनच पट्टीवरचा आकडा वाचला, लिहिला, शेऱ्यात काय लिहिलं म्हणून डोकावले तर, "स्वतः पाहिले."

डोळे भरून आले माझे. उगाच चष्मा पुसला.

बोट मधोमध नांगरली. रात्री आठला मशीन सुरू. बॅटरी शंभर टक्के.

२२ ऑक्टोबर

सकाळी सहा वाजता: एकोणीस टक्के! माझं गणित वीस, मीटर एकोणीस. तो एक टक्का डासांच्या मशीनने खाल्ला. मला दहापैकी दहा, कोणी काही म्हणो.

रात्री नीट झोपले मात्र नाही. ते मशीन घरघरतं, मग फुस्स करतं, परत घरघर. पत्र्याच्या खोलीत आवाज दुप्पट. बोट हलली की मी दचकून टक्केवारी बघते. गोपाळ मजेत. सकाळी चहा घेताना बगळे मोजत होता. चटणी-भाकरी खाल्ली, एक जास्तच खाल्ली. दुपारचे दोन तास मशीन झालं तरी सूर्य मावळायच्या आत बॅटरी परत शंभर.

अनुश्रीला फोटो पाठवला. उत्तर: "अजून दोन रात्री आहेत." बघ म्हणावं!

२३ ऑक्टोबर, खंडेनवमी

आजचा दिवस लिहून ठेवायलाच हवा.

सकाळी वीस टक्के. दहा वाजले, वीसच. ऊन तर डोळ्यांत खुपणारं! अकरा वाजले, वीसच. जोडण्या तपासल्या, फ्यूज तपासला, इन्व्हर्टर बंद करून सुरू केला. वायरमनला मनातल्या मनात शिव्या घातल्या. साडेबाराला शिडी लावली. साठीच्या बाईने चढावी अशी ती शिडी नव्हे, पण चढले.

टपावर पूजा!

चारही पॅनल पाण्याने लखलखीत पुसलेले. प्रत्येकावर हळदीचे पंजे. झेंडूच्या जाडजूड माळा उभ्या-आडव्या. आणि त्या सगळ्यावर कोरं लाल कापड पांघरलेलं! पहाटे कुठे आमचा डोळा लागला तेव्हा माणिकरावांच्या नर्मदाबाई छोट्या होडीतून फुलं घेऊन आल्या, नवरा-बायकोने मिळून उजाडताच सगळं उरकलं. खाली इंजिनालाही हार, नांगरालाही.

मी वरूनच ओरडले. माणिकराव गोंधळले. "काहून बाई, काय चुकलं? तुमीच म्हणले ना, साहेबाचा जीव हेच्यावर हाय, देवासारखं जपा. मंग खंडेनवमीला देवाला कामाला लावतेत का कोणी? एक दिस इसावा नको?"

माझंच वाक्य, बरोबर माझ्याच पदरात.

नर्मदाबाई म्हणाल्या, "मांडलेली पूजा उद्यापातूर हलवत नसतेत." मग खाली खोलीत गेल्या, नाकाला नळी लावून बसलेल्या गोपाळकडे बघून आल्या. पदर खोचला आणि सरळ शिडी चढल्या. "सूर्व्या बी देवच हाय. त्याच्या आड काहून यावं आपण?" स्वतःच्या हाताने कापड घडी केलं, माळा उतरवल्या. त्यांना दहापैकी दहा, आणि वर एक.

पण सकाळचं ऊन गेलं ते गेलंच. दिवस मावळताना सत्तर टक्के. म्हणजे साडेतीन युनिट. फ्रीज बंद, पंखा बंद. नुसतं मशीन आणि एक दिवा. तरी पहाटे चारला बारा टक्के उरतील आणि सव्वाचारच्या सुमारास इन्व्हर्टर बसेल. मग सिलिंडर. म्हणजे शेवटच्या रात्री हार!

माणिकराव हात जोडून म्हणाले, "बाई, आज इंजनाला हात लावत न्हाईत, पण म्हणत असाल तर काढतो. काठाला लाइन हाय. देव माफ करंल." मी म्हटलं, काही गरज नाही. बॅटरी बनवणारे थोडं हातचं राखूनच आकडे सांगतात. मी पहिल्यापासून मोजतेय, माझं गणित चुकत नाही. पुरेल म्हणजे पुरेल.

गोपाळ आतून म्हणाला, "विजया म्हणते तर पुरेल." मग मला म्हणाला, "तू दोन रात्री जागीच आहेस. झोप. चारचा गजर मी लावतो."

सिलिंडर त्याच्या उशाशीच ठेवलाय. भीती काही नाही. पण उघडायचा नाही.

२४ ऑक्टोबर, दसरा

चारला उठले – तीस टक्के! तीस!! बारा यायला हवे होते!

गजर झाला तेव्हा मशीन घरघरत होतं, गोपाळ उशीला टेकून बसलेला. म्हणाला, "बघ तुझा मीटर." मी तीनदा बघितला, चष्मा पुसून बघितला. सहा वाजता सोळा टक्के. सिलिंडरचा काटा जागच्या जागी. म्हटलं नव्हतं, हातचं राखून सांगतात? अठरा टक्के राखले होते लबाडांनी!

आणि झोप! कित्येक महिन्यांत अशी झोप लागली नव्हती. मशीनचा आवाजसुद्धा जाणवला नाही. सवय झाली म्हणायची.

माणिकरावांनी आपट्याची पानं दिली. इंजिनाला हार तसाच ठेवून काठाकडे निघालो. गोपाळ जरा निळसर, दमलेला दिसला. तीन दिवसांचा प्रवास, दुसरं काय. चेष्टेने म्हटलं, "काय हो, तुम्ही पण पॅनलसारखे पूजेला बसला होतात की काय रात्रभर?" हसला.

२५ ऑक्टोबर

अनुश्री हरली! "बरं बाई, तू जिंकलीस," म्हणाली. पुण्याचा विषय बंद. माणिकरावांना फोन करून सांगितलं, दिवाळी झाली की परत येतो, ह्या वेळी आठ दिवस. "या की," म्हणाले, "फकस्त पूजा कवा करायची ते आधी सांगा."

आठ दिवसांचं गणित मांडायला घेतलंय. अठरा टक्के जास्तीचे धरून. मिक्सरसुद्धा बसतो त्यात!

२७ ऑक्टोबर

गोपाळचा सदरा धुवायला घेतला. खिशात त्याची छोटी वही. २४ तारखेचं पान. जसंच्या तसं उतरवते.

१२.५० – मशीन बंद. ऑक्सिजन ९१.
१.३० – ८८.
२.१५ – ८५.
३.०० – ८३.
३.२५ – मशीन सुरू.

आणि शेऱ्याच्या रकान्यात, धरणाच्या वहीत लिहायचा त्याच सरळ अक्षरात: विजयाचं गणित बरोबर यावं म्हणून.