हवापालट

३ मार्च १९१२
पोचले बाई एकदाची एल्डरहर्स्टला! सुटले लंडनच्या धुरातून. आरोग्य खात्याची नवी बाई म्हणून आता घरोघर फिरायचं, बाळंतिणींना दूध उकळून वापरा म्हणून सांगायचं, जन्ममृत्यूची बेरीज जुळवायची. सगळ्या परगण्यात सर्वांत कमी मृत्यू इथेच. आमचे डॉक्टर प्रिंगल ते असं सांगतात, जणू लेकीचं लग्न ठरलंय! घरमालकीण मिसेस टिडमार्श मोठी जीव लावणारी. आल्या आल्या मटण, बटाटे आणि वर पुदिन्याची चटणी. तिचा नवरा मात्र सारखा खोकतो. क्षय तर नाही ना, असं मी विचारलं, तर ती म्हणे, छे गं, घसा जरा धरलाय.

१९ मार्च
आज टिडमार्शांचा खोकला ऐकू आला नाही. हवापालटाला गेलेत म्हणे. इथे ज्याला त्याला हवापालटाची भारी हौस! कोपऱ्यावरची बाळंतीण गेली, शाळेचे मास्तर गेले. समुद्रकाठी का, असं विचारलं तर मिसेस टिडमार्श नुसती हसली. मला मेलीला हेवाच वाटला.

२ एप्रिल
आज फिरत फिरत ओढ्यापाशी गेले. ओढा ओलांडला की शेजारच्या गावाची हद्द. तिथे वीटभट्टीची पडकी शेड आहे. आत टिडमार्श होते. पेंढ्यावर. थंडगार. पलीकडे मास्तर, श्वास चालू होता. पाणी पाजलं. घरी न्या, म्हणाले. बाळंतीण नव्हती, तिची शाल होती.

धावत डॉक्टरांकडे गेले. ते रागावलेसुद्धा नाहीत. म्हणाले, माणूस कुठेही मरो, मृत्यू त्याच्या राहत्या गावाच्या नावावर मांडतात, असा नियम आहे. म्हणून तिकडे गेल्यावर पत्ता सांगायचा नाही, हे इथे सगळ्यांना पाठ आहे. गावाचा लौकिक आहे, बाई. मग माझ्याकडे रोखून बघत विचारलं, तुम्हाला हा खोकला कधीपासून?

९ एप्रिल
ताप. घाबरायला हवं, कळतंय. पण काहीच वाटत नाही. सगळं बधिर. शेजारणी द्राक्षं घेऊन येतात, कपाळावरून हात फिरवतात. जाताना दाराला बाहेरून कडी.

११ एप्रिल
उद्या माझा हवापालट. मिसेस टिडमार्शने सांगितलं. शहाण्यासारखी वाग हं, गावाचं नाव राख, म्हणाली. डोळे पुसत होती. खरंच रडत होती —

१२ एप्रिल
शेड. वही तिने काढून घेतली. हा एक कागद बाहीत राहिला — मास्तर आता गप्प.
सकाळी इथल्या हद्दीतला माणूस गाडी घेऊन येतो. प्रेतं बेवारस म्हणून उचलतो. मी बेवारस नाही. मला धरा. ओढ्यापलीकडच्या त्यांच्या बेरजेत मला धरा —
हात चालत नाही —
नाव हेस्टर ब्लँचर्ड. राहणार —