जोडणी कोरडी ठेव

८ जुलै

चि. ढब्बू यास, अ. आ. वि. वि.

ताई फोनवर धड बोलत नाही म्हणून फुगून बसला असशील. अरे, दोन खोल्यांच्या घरात फोनवर बोलायचं म्हणजे बाबांच्या कानातच बोलायचं, आणि आज जे सांगायचंय ते बाबांबद्दलच आहे. म्हणून लॅबच्या मागच्या खोलीत, रक्ताच्या नळ्यांच्या खोक्यावर कागद ठेवून लिहिते आहे. उत्तरही लॅबच्याच पत्त्यावर पाठव.

तू मला देऊन गेलेली मोटरसायकल पुन्हा बंद पडली. आधी पिवळा दिवा पेटतो, मग काळा धूर, पेट्रोलचा वास, आणि सिग्नलला थांबलं की इंजिन दोन आचके देऊन गप्प. पहिल्यांदा झालं तेव्हा कोपऱ्यावरच्या मिस्त्रीने सायलेन्सरच्या नळीतला ऑक्सिजन सेन्सर काढून दाखवला. दगड लागून तो चिरला होता. इंजिनातून निघालेल्या धुराचा अंदाज घेऊन पेट्रोल किती सोडायचं ते हा सेन्सर ठरवायला मदत करतो, एवढं माझ्या डोक्यात शिरलं. नवा बसवल्यावर गाडी गुणी बाळासारखी चालली. मग पुन्हा पिवळा दिवा. आणखी एक नवा बसवला, तोही तसाच गेला. मिस्त्री म्हणाला, माल चांगला आहे ताई, घरातलंच कोणीतरी गाडीत हात घालतंय. मी हसले होते.

परवा पहाटे जाग आली म्हणून खाली गेले, तर बाबा गाडीजवळ गुडघे टेकून बसलेले. बाजूचं झाकण काढलेलं. मला बघून त्यांनी हातातलं काहीतरी फडक्याखाली सारलं. विचारलं तर म्हणे शेजारचं मांजर गाडीत शिरलं होतं. मांजराला बाहेर काढायला पाना लागतो का रे?

मागच्या वर्षी मी पडले, गळ्याजवळचं हाड मोडलं, तेव्हापासून गाडी विक आणि लॅबमध्ये टेबलावरचं काम माग हे त्यांचं पालुपद चालू आहे. शेवटी मी बजावलं होतं की गाडीला हात लावायचा नाही. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, मान्य. पण म्हणून दुसऱ्याचं ताक सांडायचं? रक्त तपासणीला द्यायचं म्हणून म्हातारी माणसं उपाशीपोटी माझी वाट बघत दाराशी बसलेली असतात. सुपरवायझरने सांगितलंय, आणखी एकदा नमुने उशिरा आले तर घरोघरचं काम दुसरीकडे जाईल. काम गेलं की मी घरी. त्यांना तेच हवंय, असं मला वाटायला लागलंय.

लॅबजवळ एक खोली बघून ठेवली आहे. अजून हो म्हटलेलं नाही. तुझी प्रकृती सांभाळ आणि ताईवरचा जीव आटू देऊ नकोस.

तुझी,
ताई

*

१३ जुलै

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचलं. पंचविशी उलटली तरी वरती ढब्बूच. इथे वर्कशॉपात पाकीट एकाने वाचलं आणि दिवसभर सगळे मला त्याच नावाने हाका मारतायत.

आता कामाचं. ताई, हात जोडतो, बाबांना काही बोलू नकोस. शेजाऱ्याच्या सायकलची साखळी उतरलेली दिसली तरी जेवण टाकून उठणारा माणूस तो. तो मुद्दाम गाडी बिघडवेल, आणि तीही तुझी? माझा विश्वास बसत नाही. तुझी जीभ मला माहीत आहे, एकदा सुटली की कोणाच्या बापाला ऐकत नाही, आणि इथे तर प्रश्न बापाचाच आहे.

सेन्सर असे लागोपाठ जात नाहीत. जातात तेव्हा दोष दुसरीकडेच असतो. कधी सायलेन्सरची नळी फुटलेली असते, कधी पेट्रोलमध्ये भेसळ असते, कधी वायर. मिस्त्रीला सांगून शेवटचा सेन्सर वायर आणि जोडणीसकट काढून घे. वायर कापू देऊ नकोस. पुसू नकोस, धुऊ नकोस, आहे तसा प्लास्टिकच्या पिशवीत घालून मला पाठव. तोवर जिभेला कुलूप.

बाबांना माझा नमस्कार सांग म्हणणार होतो, पण हे पत्र तर चोरून आलेलं! तुझी माया आहे तशीच राहू दे.

तुझा,
ढब्बू (नाइलाजाने)

*

१७ जुलै

चि. ढब्बू यास, अ. आ. वि. वि.

तुझं कुलूप उशिरा पोचलं. मंगळवारी गाडी पुलाच्या चढावर बंद पडली. मागून हॉर्न, पाठीवर नमुन्यांची पेटी. ढकलत ढकलत लॅबमध्ये पोचेपर्यंत अर्धे नमुने खराब झाले होते. एका आजीबाईंची शीर सापडता सापडत नाही, त्यांना पुन्हा टोचायला जावं लागलं. सुपरवायझरने ही शेवटची संधी म्हणून सांगितलं आहे. सध्या लॅबमधल्या मैत्रिणीची स्कूटर मागून दिवस काढते आहे.

त्या संध्याकाळी घरी गेले आणि बाबांना नको ते बोलले. म्हटलं की मला घरात बसवायला तुम्ही माझ्या पोटावर पाय देता, बाहेरचा वैरी परवडला. ते काहीच बोलले नाहीत रे. नाही म्हणाले असते तर मी ऐकलं असतं. मोरीत जाऊन हात धूत राहिले, किती वेळ तरी नळ चालू होता. त्यांचं ताट तसंच झाकलेलं राहिलं. जो गप्प बसतो तो गुन्हेगार, असं मी धरून चालले.

दुसऱ्या दिवशी खोलीला हो म्हटलं आणि किल्ली घेतली. एक तारखेला जाणार. बाबांना सांगितलंय. त्यांनी मान हलवली.

सेन्सर सोबत पाठवते आहे. नळीचं भोक उघडं राहू नये म्हणून मिस्त्रीने त्या जागी आधीचा गेलेलाच फिरवून ठेवलाय. आता त्याचा काय उपयोग म्हणा. तुला माझी चूक वाटत असेल तर तसं लिही, पण लिही नक्की.

तुझी,
ताई

*

१९ जुलै

चि. ढब्बू यास अनेक आशीर्वाद.

इकडील क्षेम. मला पत्र लिहायची सवय राहिलेली नाही, अक्षर लागलं नाही तर अंदाजानं वाच.

मोठी माझ्याशी बोलत नाही. जेवायला वाढलंय एवढंच सांगते. गाडी मी बिघडवतो असा तिचा समज झाला आहे. तिनं हात लावायचा नाही म्हणून बजावलं होतं ते खरं, पण मला राहवत नाही. भर गर्दीत गाडी बंद पडून ती पुन्हा पडली तर? म्हणून ती उठायच्या आत खाली जातो. वायरिंगच्या सगळ्या जोडण्या उघडतो, पुसतो आणि ग्रीस भरून बंद करतो. डेपोत आमचा नियमच होता, कोरडी जोडणी म्हणजे वाटेत अडकलेली बस. तुलाही लहानपणी हेच शिकवलं होतं. त्या नव्या सेन्सरची जोडणी तर मी सगळ्यात जास्त भरतो, कारण तोच सारखा दगा देतो.

माझ्या मते मिस्त्री तिच्या गळ्यात नकली माल मारतो आहे. तू तिथून अस्सल सेन्सर पाठव. या खेपेला मी जोडणी अशी ठासून भरीन की पाण्याचा थेंब आत जायचा नाही.

ती एक तारखेला जाते आहे. जाऊ नको म्हणायला मला तोंड राहिलेलं नाही. पण या हातांनी मी तिच्या गाडीचं काही बिघडवलेलं नाही, एवढं तू तिला सांग. माझं ती ऐकणार नाही.

वेळेवर जेवत जा.

तुझे,
बाबा

*

२४ जुलै

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

तुझं पाकीट आणि बाबांचं पत्र एकाच दिवशी हातात पडलं. बाबांचं पत्र सोबत जोडलं आहे. आधी ते वाच, मग माझं.

वाचलंस? आता ऐक. तू पाठवलेली जोडणी उघडली तर आत पिवळंधमक ग्रीस, काठोकाठ. सेन्सरचं डोकं एका बाजूने धुरात असतं, पण धूर कसा आहे हे ओळखायला त्याला दुसऱ्या बाजूने बाहेरची स्वच्छ हवा लागते. ती हवा त्याला स्वतःच्या वायरमधून मिळते, तारांच्या मधल्या बारीक फटीतून, जोडणीच्या वाटेने. बाबांनी नेमकी तीच वाट बुजवली. गरम होऊन ग्रीस वायरच्या आतपर्यंत ओढलं गेलं. बिचारा सेन्सर घुसमटला आणि गाडीला भलतंसलतं सांगत सुटला. बाकी सगळ्या जोडण्यांना ग्रीस चालतं, या एकीला चालत नाही. बाहेरच्या मिस्त्रीला हे कळणं कठीण होतं, कारण जोडणीत एवढं ग्रीस भरायचं खूळ फक्त आपल्याच घरात. इथे आलो तेव्हा माझाही हात आपसूक ग्रीसच्या डब्याकडे जायचा. हेडमेकॅनिकने बोटांवर पाना मारला तेव्हा सवय सुटली.

नवा सेन्सर पाठवतो आहे. तूच बसव. इंजिन थोडं चालवून नळी कोमट कर, म्हणजे जुना सेन्सर सहज फिरेल, पण हात भाजेल एवढी नको. नवा आधी बोटांनी फिरवून बसव, मगच पाना लाव. त्याच्या टोकाला बोट लावू नको. वायर गरम नळीपासून लांब बांध. गाडीकडच्या जोडणीतलं जुनं ग्रीस नीट पुसून काढ. आणि जोडणी कोरडी ठेव.

बाबांना मी लिहीत नाही. त्यांच्या मायेनेच गाडी बंद पडत होती, हे कागदावर वाचायची वेळ त्यांच्यावर नको. तू समोर बसून सांग, आणि तुझ्या त्या जिभेला जरा मध लावून सांग. मला तर दोघांचीही काळजी वाटते आणि इथून काही करता येत नाही.

लहान समजून रागव, पण अंतर देऊ नकोस.

तुझा,
ढब्बू

*

३० जुलै

चि. ढब्बू यास, अ. आ. वि. वि.

बाबांचं पत्र मी लॅबच्या मागच्या खोलीत वाचलं आणि तिथेच तोंडावर हात घेऊन रडले. जरा वेळाने सुपरवायझर आत डोकावला आणि आल्या पावली परत गेला.

सेन्सर काल बसवला. बाबांना म्हटलं, टॉर्च धराल का? आले. जुना सेन्सर हलेना तेव्हा पान्याला मागून त्यांचाच हात लागला. जोडणी लावायच्या आधी मी सगळं सांगितलं, जमेल तेवढं हळू. त्यांनी पुन्हा एकदा सांगायला लावलं. हवा कुठल्या बाजूने जाते ते मला बोट ठेवून दाखवायला लावलं. मग म्हणाले, आमच्या वेळी वायरमधून कोणी श्वास घेत नव्हतं बाई. मला हसू आलं, त्यांना नाही आलं. जोडणी त्यांनीच लावली, आधी बोटं दोनदा पुसून. गाडी चालू केली. दिवा विझला. आज सगळ्या घरी वेळेवर पोचले.

रात्री जेवताना मी त्यांची माफी मागितली. म्हटलं, खोलीची किल्ली उद्याच परत करते, मी कुठेही जात नाही. मला वाटलं, त्यांचा चेहरा खुलेल. ते घास तसाच हातात धरून बसले. मग म्हणाले, माफी अर्धीच माग. हातांनी मी काही केलं नाही. पण गाडी बंद पडल्याचं कळलं की दर वेळी मनातून बरं वाटायचं. वाटायचं, आता तरी ही कंटाळेल आणि घरात राहील. तू बोललीस ते खोटं होतं, पण अगदीच खोटं नव्हतं. मी इथे असेन तोवर हे माझ्या मनातून जाणार नाही, तेव्हा तू जा.

मला राग आला, मग रडू आलं, मग दोघंही जेवलो. परवा मी जाते आहे. गादी बांधून द्यायला तेच बसलेत, गाठी इतक्या पक्क्या मारतायत की तिथे गेल्यावर कात्रीच लागेल.

ढब्बू, ते नुसते गप्प बसले असते तरी मी राहिले असते. किल्ली परत करते असं मी आधीच सांगून बसले होते, त्यांना ते कळत होतं. तरी ते बोलले.

त्यांना पत्र लिहीत जा. आपल्या दोघांवर त्यांचा जीव आहे, तसा तुझाही त्यांच्यावर असू दे.

तुझी,
ताई