यंदा रेचे हळू वाजतात

१५ नोव्हेंबर १९३७, अकोला
आज कापसाची जिन सुरू झाली. नारळ मी फोडला. मॅनेजर ओमप्रकाशजींनी भाषणात माझी तारीफ केली असावी. शब्द कळले नाहीत, गलका फार होता, पण सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं.

अमरावतीच्या मोठ्या जिनमध्ये फोरमनची जागा निघणार आहे. ती मलाच मिळणार. एवढे सीझन हेडफिटर म्हणून काढले, माझ्यासारखा मिस्त्री वऱ्हाडात नाही. म्हणून निश्चय: रोज डायरी, आणि तीसुद्धा शुद्ध भाषेत. फोरमन मले-तुले करत बसला तर शोभत नाही. दुसरा निश्चय, एकही रेचा बंद पडू द्यायचा नाही. तिसरा, चिडायचं नाही.

संध्याकाळी चिडलो. जयवंता, म्हणजे आमची घरची, चुलीपाशी काहीतरी पुटपुटली. काय म्हणतेस, काय म्हणतेस असं विचारून विचारून दमलो, तर म्हणे जाऊ द्या.

२१ नोव्हेंबर
मोठी गोष्ट ध्यानात आली. यंदा रेचे हळू वाजतात. आधी जिनमध्ये पाय टाकला की डोकं भणभणायचं. चाळीस रेचे एकदम कापूस वटायला लागले, सरकी खाली, रुई पुढे, की आभाळ कोसळल्यासारखं वाटायचं. यंदा सगळं मऊ आणि दूर, शेजारच्या गावात चालल्यासारखं. कारण उघड आहे. दिवाळीआधी सगळी बेअरिंग मी स्वतः खोलली, धुतली, बसवली. पुंजाराम ऑयलमनला म्हटलं, बघ, याला म्हणतात फिटिंग. त्यानं कानातले कापसाचे बोळे काढले, काय जी असं विचारलं, आणि बोळे परत घातले. म्हातारा बहिरा होत चालला आहे. कीव येते.

२८ नोव्हेंबर
जयवंता रेच्यावर कापूस घालायला बसायचं म्हणते. म्हणे घरी बसून भिंतीकडे किती पाहू, ना पोर ना बाळ. हेडफिटरची बायको आणि रेच्यावर! पण हट्टाला पेटली. शेवटी मीच तिला सात नंबर दिला. खिडकीजवळ आहे, हवा येते, आणि सगळ्यात गुणी रेचा. माझ्या हातचा. दुसऱ्या कोणी मागितला असता तर दिला नसता.

५ डिसेंबर
घरात रातकिडे फार झालेत. ऐन थंडीत! दिवसासुद्धा थांबत नाहीत, नुसतं किर्र. भिंतीतली भोकं मातीनं बुजवली. निंबाचा पाला जाळून धूर केला. जयवंता खोकत खोकत अंगणात पळाली आणि तिथून ओरडली, मले त एकबी रातकिडा आयकू येत नाई जी.

अरेरे. एवढ्यात बाईचे कान गेले! रेच्यापाशी बसून आठवडा झाला नाही तोच. बायकांचे कानच नाजूक. लसूण टाकून तेल गरम केलं आणि तिच्या दोन्ही कानांत घातलं. नको नको करत होती. आपल्या भल्याचं कोणाला कळतं?

१२ डिसेंबर
तिला जिनच्या डॉक्टरकडे नेलं. नवा आहे, नागपूरचा, तरणा, टेबलावर विलायती मासिकांचा ढीग. तिचे कान पाहून ठीक म्हणाला. मग मलाच खुर्चीवर बसवलं. का, ते कळलं नाही. लोखंडाचा एक दोन पायांचा चिमटा असतो. तो आपटायचा, कानाशी धरायचा आणि विचारायचं, येतो का आवाज. त्याचा हात हलला की मी येस म्हणायचो. एकही उत्तर चुकलं नाही. मग तो माझ्या पाठीमागे गेला. तिथं मात्र त्यानं काही वाजवलंच नाही, नुसता उभा राहिला. मला फसवायला निघाला होता!

मग लेक्चर. मोठ्यानं बोलतो, तेवढं बरं आहे. म्हणे ताजं संशोधन आहे, विलायतेत बॉयलर ठोकणाऱ्या कामगारांवर झालेलं. कानाच्या आत खोल गोगलगाईच्या शंखासारखी नळी असते, तिच्यात केसासारखे बारीक तंतू. रोजच्या दणक्यानं ते मरतात आणि पुन्हा उगवत नाहीत. आधी बारीक चिरके आवाज जातात. पाखरं, पोरं, बायका. आणि मग डोक्यातच किर्र वाजायला लागतं. गिनिपिगच्या कानाशी आवाज करून सिद्ध केलंय म्हणे. गिनिपिग म्हणजे काय, तर उंदरासारखं एक जनावर. उंदरावरून हेडफिटरला अक्कल शिकवतो! औषध विचारलं, तर नाही म्हणाला. मग तू डॉक्टर कशाचा रे बाबा? वर सल्ला, की आवाजावरून रेचा तपासायचं काम आता दुसऱ्याकडे द्या. अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

तिला न्यायला गेलो आणि हे ऐकून आलो. हात दाखवून अवलक्षण. येताना जयवंता रस्ताभर माझ्या तोंडाकडे पाहत चालली. तिच्या कानांची मला फार काळजी वाटते.

१९ डिसेंबर
अमरावतीचा अर्ज केला. त्यात लिहिलं की मी लांब पेचकसाचं टोक बेअरिंगवर टेकवतो, मूठ कानाला लावतो आणि रेच्याचा रोग सांगतो. ओमप्रकाशजींनी अर्ज वाचला आणि बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. इम्प्रेस झाले.

२८ डिसेंबर
बायकांची कटकट. सात नंबरच्या आजूबाजूच्या सगळ्या जणी कानावर हात ठेवून तोंडं वाकडी करतात. जयवंता जेवणाच्या सुटीत जवळ येऊन ओरडली, सात नंबर किंचाळून राह्यला, पाहा ना आवो. गेलो. रेचे सुरू झाल्यावर पेचकस लावला. देवळात असावं तशी शांतता. चाळीस रेच्यांत तोच सगळ्यात शांत आहे! यांना काम नको, दुसरं काय. नाचता येईना अंगण वाकडं.

पुंजारामनंही तोंड घातलं. बेअरिंग बदला मिस्त्री, हाताले चटका लागते म्हणाला. मी हात लावला नाही. हात लावून परीक्षा हमाल करतात, मिस्त्री कानानं करतो. आणि आता नवं बेअरिंग मागितलं तर जुनं मी नीट बसवलं नव्हतं असा अर्थ होईल. अर्ज अमरावतीला पडलेला आहे. हे त्याला बोललो नाही, इथंच लिहून ठेवतो.

१४ जानेवारी १९३८
संक्रांत. घरोघरी तीळगूळ. सगळ्यांचे ओठ हलतात, आवाज कोणाचा निघत नाही. हल्ली लोकांच्या छातीत दमच नाही. मी म्हटलं, गोड राहू द्या, मोठ्यानं बोला. सगळे हसले, मीही हसलो. जयवंता हसली नाही.

घरी आल्यावर माझ्या उजव्या कानाशी तोंड आणून म्हणाली, मले दुसऱ्या रेच्यावर बसवा. त्या सात नंबरचं मले भेव लागते. रडत होती. मी समजावलं. मिस्त्रीचीच बायको मिस्त्रीच्या रेच्यावरून उठली तर लोक काय म्हणतील? अमरावतीचं एकदा होऊ दे, मग रेच्यावर बसायचंच कारण नाही. फोरमनला क्वार्टर असतं. ऐकलं तिनं. समजूतदार आहे.

२ फेब्रुवारी
पुढच्या आठवड्यात अमरावतीचे साहेब आमची जिन पाहायला येणार. म्हणजे मलाच पाहायला. निश्चय: त्यांना सात नंबर मुद्दाम दाखवायचा. जयवंताला सांगितलं, त्या दिवशी नवं लुगडं नेस.

९ फेब्रुवारी
सात नंबर पेटला.

दुपारी. मी पाठमोरा होतो, साहेबांना शाफ्ट दाखवत होतो. साहेबांचं तोंड एकदम उघडं पडलं तेव्हा वळलो. बेअरिंग लाल. रुईला वेळ लागत नाही. तिचं लुगडं. पुंजारामनं पट्टा उतरवला, तिच्या अंगावर पोती टाकली, आणि मी तिथं पोचलो तेव्हा सगळं होऊन गेलं होतं.

सगळे म्हणतात ती मला हाका मारत होती. सगळेच म्हणतात. असेल. जिनमध्ये एवढा आवाज, तिथं कोणाला काय ऐकू येणार?

११ फेब्रुवारी
चौकशी. नागपूरहून फॅक्टरी इन्स्पेक्टर आले. मी स्टेटमेंट दिलं की दोष बेअरिंगचा आहे, विलायती माल पहिल्यासारखा राहिला नाही. ठामपणे बोललो. इन्स्पेक्टर साहेबांनी आणखी एक प्रश्न विचारला. येस सर म्हटलं. खोलीतल्या सगळ्यांच्या माना खाली गेल्या.

बाहेर आल्यावर पुंजारामनं माझ्या कानात ओरडून सांगितलं. साहेबानं विचारलं होतं, बेअरिंग दीड महिना ओरडत होतं हे तुला माहीत होतं काय.

स्टेटमेंट उद्या दुरुस्त करून घ्यायचं. प्रश्न नीट विचारला नव्हता. ओमप्रकाशजींनी पेचकस, पाने, सगळी पेटी जमा करायला सांगितली. तात्पुरतं असावं.

जयवंताला अजून शुद्ध नाही. डॉक्टर बोलतो, मी मान हलवतो. ती बरी झाली की अकोल्याच्या बाहेर थोडी जागा पाहू, भाजी लावू. तिच्या माहेरी मळेच आहेत, तिला सगळं येतं.

१३ फेब्रुवारी
सकाळी दवाखान्यात गेलो. जळालेल्यांची खोली वेगळी असते. नर्स मला आत सोडून निघून गेली. जयवंता शुद्धीवर होती. दोन्ही हात कोपरापर्यंत बांधलेले. मला पाहिलं आणि बोलायला लागली.

पुष्कळ बोलली. लग्न झाल्यापासून एवढी कधी बोलली नसेल. ओठ सुजलेले, त्यांवरून काही कळेना. कान तोंडाशी नेला. उजवा, मग डावा. श्वास लागत होता कानाला, गरम. आणि ते किर्र, किर्र. मी हो म्हटलं. ती पुढे बोलत राहिली. परत हो म्हटलं. मग वाटलं की काहीतरी विचारते आहे, म्हणून नाही, नाही म्हटलं. त्यावर तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. घाईनं हो म्हणून पाहिलं. तिनं तोंड भिंतीकडे केलं.

दुपारी गेली.

रात्रीपर्यंत तिचा भाऊ गोवर्धन मोर्शीहून आला. माझे खांदे धरून, तोंडासमोर तोंड आणून विचारत होता, ते मला कळलं. बहीण काय म्हणे जी, शेवटी काय म्हणे? मी सांगितलं, सगळ्यांना राम राम म्हणाली. तुझी आठवण काढली. तो रडायला लागला.

मलेबी आयकायचं होतं. खोलीत आमी दोघंच होतो. आता कोनाले विचारू?