दुसऱ्या खांबाची टक

गुरुवार, १६ नोव्हेंबर २००६

घरामागच्या शेडमधली आपली गाड्या उचलायची दोन खांबांची लिफ्ट. गाडी वर चढताना दोन्ही खांबांतली, तिला खाली निसटू न देणारी लॉकं टक-टक वाजतात. आज एकाच खांबाची टक येत होती. मला ऐकू आलं नाही का? आलं की! पण गूळवाला शंकर डोक्यावर बसलेला. पिकअप मागं गुळाच्या ढेपांनी भरलेली. "आधी ढेपा उतरव," म्हटलं, तर म्हणतो, "मालक, परत भरायला येळ न्हाय. चढवा तशीच." आणि मी चढवली. भरलेली! एवढी वर्षं हेच काम करतोय, आणि आज शंकरचं ऐकलं.

गाडीखाली जायला वाकलो, तेवढ्यात स्वयंपाकघराच्या खिडकीतून सुनंदा ओरडली, "अहो, थांबा! आज एकदाच वाजतंय की!"

तसाच मागं सरलो. उजव्या खांबात बॅटरी मारली. लॉक बसलंच नव्हतं. खंडेनवमीला तिनं खांबाला घातलेली झेंडूची माळ वाळून, दोऱ्यासकट आत अडकलेली. गाडी हळूहळू खाली घेतली. शंकर ढेपा उतरवायला लागला.

जेवताना सुनंदानं विचारलं, "काय अडकलं हुतं?"

"कचरा," म्हणालो. माळ खिशातच होती.

"देवानंच राखलं बघा. पुढच्या खंडेनवमीला दोन्ही खांबांना चांगली जाड माळ घालते."

व्हय म्हणालो.