गाडीत जागा दोनच

कॉव्हेंट्री,
बुधवार

प्रिय क्लिफ,

शनिवारी तुमच्याकडून निघताना मी धड निरोपही घेतला नाही, त्यावरून हेझल काहीतरी बोललीच असेल. "तुझ्या बहिणीला केक आवडला नाही वाटतं," एवढं तरी नक्कीच. केक चांगला होता. जरा कोरडा होता, पण चांगला होता. माझं बिनसलं ते केकमुळे नाही, आणि ते तुला कळलं नसेल तर पन्नाशी उलटली तरी तू अजून बावळटच आहेस असं म्हणावं लागेल.

तुझा फोन आला, "थेल्मा, चासी आली, लगेच निघ," तेव्हा मी हातातली इस्त्री तशीच ठेवून बस पकडली. पोहोचले तर शेजारपाजारचे चार पुरुष तो लोखंडी सांगाडा टेंपोतून उतरवत होते आणि हेझल तुझा जुना कोट घालून फाटकात उभी राहून हुकूम सोडत होती. "डावीकडे. अजून डावीकडे. अहो, ती डावी नव्हे." तिच्या आजोबांनी साइडकारच्या मोटरसायकलसाठी बांधलेलं ते गॅरेज, दोन्ही बाजूंना विटांचे खांब. सांगाडा सरळ जाईना म्हणून तुम्ही तो कुशीवर वळवून आत घेतलात, लाकडी घोड्यांवर ठेवलात आणि सगळे मोहीम फत्ते केल्यासारखे हात झटकू लागलात. अंगणात ती जुनी गंजकी सलून गाडी उभीच होती, जिचं इंजिन आणि मागचा ॲक्सल काढून या नव्या गाडीत घालायचा आहे. बिचारीला मरण समोर दिसत होतं. तिच्याबद्दल मला एकदम आपुलकी वाटली.

मग तुमचा तो रिवाज. सांगाडा घरात आला की आधी त्यात बसायचं, स्वयंपाकघरातल्या खुर्चीची उशी खाली घ्यायची, कशालाच न जोडलेलं स्टिअरिंग हातात धरायचं आणि तोंडाने इंजिनाचा आवाज काढायचा. सुटे भाग आणून घरी जोडायच्या किट गाड्यांच्या जत्रेत भेटणारे ते सगळे गाडीवेडे, बँकेतले साहेबसुद्धा, ही गोष्ट किती रंगवून सांगायचे ते मी तुझ्याबरोबर उभी राहून वर्षानुवर्षं ऐकलं आहे. माझीही एक उशी मी मनात ठरवून ठेवली होती. तू बसलास, छान भुर्र केलंस, आणि मी पर्स खाली ठेवून पुढे होते आहे तोवर हेझल कोट सावरत दुसऱ्या बाजूने आत उतरलीसुद्धा. दोघांनी मिळून भुर्र केलं. शेजारच्या प्रूएट साहेबांनी फोटो काढला. नंतर तू म्हणालास, "थेल्मा, आता तू ये." मी म्हटलं, "माझा गुडघा दुखतोय." तू म्हणालास, "अगं, मी हात देतो ना." मी म्हटलं, "नको म्हटलं ना एकदा." हेझल म्हणाली, "राहू दे क्लिफ, त्यांना उगाच त्रास नको." त्यांना म्हणे. तुझ्यापेक्षा मी फक्त दोन वर्षांनी मोठी आहे.

तुला ती बाबागाडीच्या चाकांची ढकलगाडी आठवते? तू पुढे बसून दोरी धरायचास आणि मी मागून ढकलायचे. उतार आला की तू एकटाच ओरडत खाली जायचास आणि मी धापा टाकत पळत यायचे. तेव्हा मला त्याचं काही वाटत नसे, कारण गाडी आपल्या दोघांची आहे असं तू सगळ्या गल्लीला सांगायचास. पुढे दर वसंतात ती किट गाड्यांची जत्रा आली. चिखलात बूट, थर्मासमध्ये चहा. याच रुंद मागच्या चाकांच्या गाडीभोवती तू देवळाभोवती फिरावं तसा फिरायचास, लांबी, रुंदी, वजन पाठ म्हणून दाखवायचास. मला ते सगळं तुझ्याइतकंच पाठ झालं. यंत्राचं काम तुझं, सीट माझ्या, असं ठरलं होतं. आयुष्यभर कारखान्यात दुसऱ्यांच्या गाड्यांच्या सीट शिवल्या, एकदा आपल्या गाडीच्या शिवायच्या. आई अंथरुणाला खिळलेली होती तोवर विषय नको, असंही आपणच ठरवलं. तिच्याजवळ मी बसत होते, हे मी काही बोलून दाखवत नाही. आई गेली, आणि पुढच्याच जत्रेत मी चहा आणायला रांगेत उभी राहिले तेवढ्यात तू हेझलशी बोलायला लागलास. दोन कप घेऊन परत आले तर तू माझा तिला दिलास.

मला तिचा हेवा वाटतो, क्लिफ. सरळच लिहिते. ती वाईट असती तर बरं झालं असतं. मग मी फक्त नणंदपणा केला असता आणि मोकळी झाले असते. पण ती हसरी आहे, पाना उलटा धरत नाही, आणि तुझ्या त्याच त्या विनोदांना खरंखुरं हसते. तू लग्न करून तिच्या घरी जवळजवळ घरजावई होऊन राहायला गेलास तेही मी गिळलं. गाडी मात्र इथे होणार असं मी धरून चालले होते. बाबांची कोळशाची लॉरी राहायची ती शेड मी रिकामी केली होती. भिंतींना चुना दिला, दोन मोठे दिवे लावून घेतले, दाराच्या बिजागऱ्यांना तेल घातलं. तुला बोलले नाही, कारण तू येऊन बघशील तेव्हा तुझं तोंड कसं होतं ते मला बघायचं होतं. आणि तू फोनवर म्हणालास, "हेझलच्या गॅरेजातच करतोय, घरच्या घरी बरं पडतं." घरच्या घरी. मी म्हटलं, छान.

काल पुन्हा तुझा फोन. येत्या शनिवारी मागचा ॲक्सल बसवणार, हेझलने सीटचं दुकानही शोधून ठेवलं आहे, तयार मिळतात म्हणे, "तुला शिवायचा त्रास नको." इतक्या आनंदात सांगत होतास की मी फोन ठेवून उभ्या उभ्या कपाटाची दारं आपटली.

आता हे पत्र का, ते सांगते. गेल्या शनिवारी तुम्ही सगळे चहा घेत होतात तेव्हा मी गॅरेजच्या दारात उभी होते. शिवणकाम करणाऱ्या बाईच्या पर्समध्ये टेप असतोच. हेझलने विचारलं, "काय मोजताय?" मी म्हटलं, "पडदा छान दिसेल इथे." क्लिफ, त्या दोन खांबांमधली जागा तुझ्या गाडीच्या रुंदीपेक्षा चार बोटं कमी आहे. सांगाडा कुशीवर आत गेला, पण चाकं लागल्यावर, अंगावर बॉडी चढल्यावर ती गाडी बाहेर निघणार नाही, आणि खांब पाडावेत तर वरच्या मजल्याचा भार त्यांच्यावर आहे. बसमध्ये मी एकटीच हसत होते. तू वर्षंच्या वर्षं खपशील, एका रविवारी इंजिन सुरू करशील, हेझल शेजारी बसेल आणि दोघं दारापर्यंत याल. ते चित्र मी तीन दिवस पुन्हा पुन्हा बघितलं आणि प्रत्येक वेळी मला गोड वाटलं. फक्त काल तुझा तो आनंदी आवाज ऐकल्यापासून त्या चित्रात तुझा चेहरा दिसायला लागला आहे. तू तिला दोष देणार नाहीस. "माझीच चूक, मोजायला हवं होतं," म्हणशील आणि आत चहा करायला जाशील. ते मला बघवायचं नाही. शिवाय गाडी तिथे अडकली तर मला तरी कधी बसायला मिळणार? तेव्हा ॲक्सल लावू नकोस. त्याच चार जणांना बोलाव, सांगाडा पुन्हा कुशीवर घे आणि इकडे आण. शेडच्या दारातून बाबांची लॉरी जायची, तुझी गाडी सहज जाईल. ते सीटचं दुकान रद्द कर. हेझललाही आण, येताना तिच्या पाठीचं आणि मांडीचं माप घेऊन ये. तिची सीट मी अशी शिवेन की दुसऱ्या कुठल्या गाडीत तिला बसावंसं वाटणार नाही. पण सांगाडा घोड्यांवर ठेवलात की तुम्ही दोघं बाजूला उभे राहा. माझा गुडघा ठणठणीत आहे. पहिली मी बसणार, स्टिअरिंग मी धरणार आणि भुर्रही मीच करणार.

गाडी कितीही जणांची झाली तरी आधी तुझीच,
थेल्मा