बटण कोण बंद करतं

३ जानेवारी

पोचले एकदाची. शेवटची चढण शेजारच्या सलोमियाच्या बर्फावरच्या घसरगाडीवरून. मांडीवर माझी बॅग आणि बॅगेवर तिची कोंबडी. घर मात्र गोड आहे. मातीची भट्टी सतत ऊबदार, खिडकीत लाल फुलांच्या कुंड्या आणि पलंगावर इलारी आजोबा, नाकात ऑक्सिजनची नळी. मला बघून म्हणाले, पोराने नर्स पाठवतो म्हणून सांगितलं आणि ही तर सासू पाठवली. हॉस्पिटलात इतकी वर्षं काढली, पण असं स्वागत कुणी केलं नव्हतं. मीही सांगून टाकलं, सासू आहे म्हणूनच जावई माझ्या लेकीला घेऊन इटलीला पळाला. हसता हसता त्यांना धाप लागली. मग मी नळी नीट बसवून पाठ चोळली.

मुलगा कोर्नेल स्पेनमध्ये असतो. त्याने फोनवर समजावलं, ऑक्सिजनचं मशीन विजेवर चालतं, बर्फात वीज जाते, म्हणून ओसरीत इन्व्हर्टर बसवलाय, आपोआप सुरू होतो. तुम्ही निवांत राहा, म्हणाला. राहते बापडी.

५ जानेवारी

दुपारी मक्याचं पिठलं ढवळत होते आणि वीज गेली. इन्व्हर्टर टक् झाला आणि गप्प. बटण दाबलं, दाबून धरलं, डब्याला दोन शिव्याही घातल्या. काही नाही. ऑक्सिजनचा सिलिंडर एकच आहे, तो लावेपर्यंत आजोबांचे ओठ निळे पडले होते. वीज लवकर आली म्हणून निभावलं. पण सिलिंडर अर्ध्यावर आलाय, आणि घाटाचा रस्ता मोकळा होईपर्यंत दुसरा मिळायचा नाही. हा डबा चालला नाही तर म्हाताऱ्याचं काही खरं नाही.

६ जानेवारी

आज सणाचं पवित्र पाणी घेऊन पाद्री यायचे होते. बर्फामुळे आलेच नाहीत. मी उगाच डोक्याला नवा रुमाल बांधून बसले होते.

खालच्या गावच्या पामफिल वायरमनला फोन लावला. म्हणाला, बाई, आधी प्लग भिंतीत आहे का बघा. मी म्हटलं, भाऊ, तेवढी अक्कल देवाने दिलीय. मग त्याने सांगितलं तसं एकेक करत गेले. फ्यूज शाबूत. तारा घट्ट. मीटर लावला तर बॅटरी भरलेली. घरातलं मेन बटण बंद करून नुसता टेबललॅम्प जोडून बघितला, झकास पेटला. इस्त्री जोडली, तीही तापली. ऑक्सिजनचं मशीन जोडलं की मात्र टक् आणि बंद. पामफिल म्हणाला, असं होऊच शकत नाही, इस्त्री त्याहून जास्त वीज खाते. मी म्हटलं, मग या आणि त्या डब्यालाच सांगा.

७ जानेवारी

आज बघितलं. इन्व्हर्टर बिघडलेला नाहीच. त्याचं पुढचं बटण बंद बाजूला पडलेलं असतं. मी ते सुरू करून आत जाते, मशीन लावते, टक् होतं. बाहेर येऊन बघते तर बटण बंद.

आजोबांना तर उठून बसवायलाही मी लागते. दाराला आतून कडी. तिसरं माणूस घरात नाही.

बटणावर चिकटपट्टी लावलीय, चांगली तिहेरी.

८ जानेवारी

पट्टी निघालेली. फाडलेली नाही. घडी घालून डब्यावर ठेवलेली, रुमाल ठेवावा तशी.

मुलीला फोन केला, तिने उचलला नाही. कामावर असेल. नुसतं बोलायला म्हणून सुद्धा इथे कुणी नाही, आजोबा तर आता बोलतही नाहीत फारसे.

९ जानेवारी

सलोमिया दूध घेऊन आली. उंबऱ्यापाशीच उभी. आत ये म्हटलं तर नको म्हणाली. पट्टीचं सांगितल्यावर बोलती झाली.

गेल्या हिवाळ्यात अनिसिया, आजोबांची बायको, याच पलंगावर गेली. वीज नव्हती. ती हाका मारत होती, मेणबत्ती द्या, मेणबत्ती द्या. आणि इलारी ओसरीत याच डब्याची बटणं दाबत, तारा आवळत बसलेले. ओरडून सांगत होते, थांब गं, आत्ता येईल वीज. वीज आली तेव्हा ती गार झाली होती. हातात दिवा नसताना मेलेल्याला पलीकडेही अंधारच, हे आमच्यात कुणाला सांगावं लागत नाही. सलोमिया म्हणाली, ती वाईट नाही गं. पण त्या डब्यावर तिचा राग आहे. वीज गेली की डबा सोड आणि मेणबत्ती लाव.

मी म्हटलं, वेडी का काय तू. ऑक्सिजनजवळ ज्योत नेली तर म्हातारा, पलंग, घर, सगळं पेटेल.

ती गेल्यावर मात्र मला रडू आलं. हाका मारत गेली बिचारी. माझ्या हातात तरी कोण ठेवणार आहे मेणबत्ती?

१० जानेवारी

फोनला रेंज नाही. वादळ. वीज दोनदा गेली. सिलिंडर संपला.

ओसरीत गेले की माझ्या मागे कुणीतरी उभं असतं. वळून बघत नाही.

११ जानेवारी

जेवणानंतर वीज गेली ती आलीच नाही. बटण सुरू केलं — बंद. पुन्हा — बंद. बोटाखाली गार बोट लागलं. चिडून बॅटरीच्या ताराच उपटून फेकल्या. आता तो डबा कधीच —

आजोबा निळे पडलेत. म्हणाले, पोरी, राहू दे तो डबा. मी तिच्यापाशी नव्हतो. तू माझ्यापाशी बस.

बसले.

मेणबत्ती मागितली. मशीन तर बंदच आहे, ऑक्सिजन नाहीच, मग भीती कसली. त्यांच्या मुठीत दिली, पेटवली. नाकातली नळी काढायला गेले तर माझा हात धरला, नको म्हणाले. पहिल्यांदा चेहरा शांत दिसला. एका हाताने त्यांची मूठ धरून दुसऱ्याने हे लिहितेय, नाहीतर ओरडेन.

त्यांच्या मुठीवर माझा हात आहे.

माझ्या हातावर आणखी एक.

ओसरीत टक् झालं —

तारा तर मी —

मशीनचा दिवा हिरवा. नळीतून सूं सूं — नळी नाकात — ज्योत लांब होतेय — मेणबत्ती सोडत नाहीत, माझा हात सुटत नाही, ती घट्ट —