उडी मारणारे

बुलोन्यची छावणी,
थर्मिडोर महिन्याची १२ तारीख, वर्ष तेरावे
(आपल्या पाद्रीबाबांच्या पंचांगात जुलैचा शेवटचा दिवस, सन १८०५)

प्रिय वालेरीताई,

आईच्या पायांना माझे दंडवत. मी मेलो म्हणून तिनं मेणबत्ती लावली असेल, तर विझव. पलटणीचा कागद गावात आला असेल, त्यावर माझं नाव असेल. कारकुनाची चूक आहे. तुझा लेओनार धडधाकट आहे. एवढं आईला मोठ्यानं वाचून दाखव. पुढचं मात्र परसात जाऊन एकटीनं वाच. पाद्रीबाबांकडे नेऊ नकोस, अक्षर लागलं नाही तरी.

इथे पाऊस, चिखल आणि पातळ सूप. आपल्या चेस्टनटच्या भाकरीची आठवण येते. आई विचारत होती ना, पोरं जत्रेतल्या कसरतवाल्यांत गेली की काय? तिचं अगदीच चुकलेलं नाही. आमच्या तुकडीचं नाव व्होल्टिजर, म्हणजे उडी मारणारे. दोन वर्षांपूर्वी भरतीच्या मोजमापाच्या खांबाखाली मी आणि तुझा मार्सियाल दोघेही बुटके ठरलो आणि घरी सुटलो, तेव्हा तू किती नाचली होतीस! मग वर कुणीतरी ठरवलं की बुटकी माणसं हलकी असतात. घोडेस्वाराच्या मागं उडी मारून बसवायची, लढाईत नेऊन सोडायची, पुन्हा उचलून आणायची. ज्या बुटकेपणानं वाचलो, त्यानंच पकडून आणलं.

सार्जंट रोज ओरडतो, "कोंबड्यांनो, नावाला जागा! बंदूक काय, माझी आजीसुद्धा चालवेल!"

घोडा दुडक्या चालीनं येतो. आपण बाजूनं धावायचं, खोगिराची मागची कड धरायची आणि उडी घ्यायची. मला ते जमत नाही. ताई, मला घोड्याची भीती वाटते. त्यातून ती करडी घोडी! मागं सावली हलली तरी लाथ झाडते. तिच्या टापा ऐकल्या की मी रांगेत मागं सरकतो.

मार्सियाल हसायचा. "अरे, ती तुला घाबरते की तू तिला? उद्या मेव्हणा होणार माझा, लोक काय म्हणतील?" तुकडीची पिवळी कॉलर मिळाली त्या दिवशी त्यानं ती तीनदा पुसली. म्हणाला, "लग्नात हीच घालणार. वालेरीला सांगू नकोस हं."

सांगितलं बघ.

परवा सकाळी करडी घोडी आली आणि सार्जंटनं माझं नाव पुकारलं. माझे पाय जागचे हलेनात. मी मार्सियालच्या कानात म्हणालो, "पोटरीत गोळा आलाय रे." त्यानं एकदा माझ्या तोंडाकडे पाहिलं. त्याला सगळं कळलं होतं. "बस तू, भित्र्या," म्हणाला आणि माझ्या नावाला "हजर!" म्हणून धावला. सार्जंटला आम्ही दोघे बुटके सारखेच.

त्याची उडी छान गेली होती, ताई. पण घोडी उसळली. तो मागं पडला आणि तिची लाथ छातीत बसली. फार वेळ लागला नाही.

कारकुनानं हजेरीवरचं नाव लिहिलं. माझं. टपाल गेलं; तोवर मी तंबूमागं लपून होतो. संध्याकाळी हजेरीला मी उभा राहिलो तेव्हा सगळे भूत पाहिल्यासारखे पाहत होते. सार्जंटला मी सांगितलं, "ऐकण्यात घोटाळा झाला." आता दुसरा कागद निघालाय, त्यावर खरं नाव आहे. तो येण्याआधी हे पत्र तुझ्या हाती पडावं, एवढंच मागतो. त्या कागदात अपघात असं लिहिलेलं असेल. तेही खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही.

आई आत आनंदानं रडत असेल आणि तू परसात हे वाचत असशील. तुझ्या तोंडाकडे बघायची माझी छाती नाही.

उद्या सकाळी पहिलं नाव माझंच आहे. घोडी तीच. यावेळी "हजर" मीच म्हणणार. माझ्या जागी धावायला आता कुणी उरलेलं नाही.

त्याची पिवळी कॉलर या पत्रात घडी करून ठेवली आहे. धुतली आहे.

तुझा भाऊ,
ज्यानं उडी मारली नाही,
लेओनार